फळा आणि फया : आदिवासी मुलांच्या शाळेतील समानतेचा आढावा

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी आम्हा चौघांना पिंपळनेरच्या पश्चिमेकडची एक शाळा मिळाली. पिंपळनेर हे साक्री तालुक्यातले, पांझरेच्या काठावरचे बाजाराचे गाव. तिथून पश्चिमेला निघाले की कांद्या-मक्याची शिवारे मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि गावांच्या जागी पाडे दिसू लागतात. पहिल्याच तासाला मी फळ्यावरच्या 'फळा' या शब्दाकडे बोट करून तिसरीतल्या एका मुलीला विचारले, हे काय? ती म्हणाली, "फया." मागे बसलेल्या वर्गशिक्षकांनी तिथूनच दुरुस्त केले, "फया नाही, फळा." मुलगी खाली बसली ती तास संपेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

मला त्यात काही वावगे वाटले नाही. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याचा डोया, केळीची केयी. माझ्या घरीही तसेच बोलतात, मीही शाळेत असाच दुरुस्त झालो आणि आता शिक्षक होणार आहे. मग बिघडले कुठे?

त्याच सत्रात 'समकालीन भारत आणि शिक्षण' या विषयासाठी अमेरिकेतील वंश आणि शालेय समानता यावर निबंध लिहायचा होता. तो लिहिताना मिशिगनमधल्या एका खटल्याची माहिती वाचली आणि ही मुलगी आठवली. खटल्याकडे पुढे येतो. आधी एक सांगून टाकतो. मी आदिवासी नाही, अहिराणी बोलणाऱ्या शेतकरी घरातला आहे. तिकडच्या चर्चेत 'बाहेरून येणारा शिक्षक' म्हणतात त्या जागी इथे मी उभा आहे. पुढचा आढावा त्या जागेवरून लिहिला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वंश, जात आणि जमात या एक गोष्टी नाहीत. तरीही ही तुलना आपल्याकडे नवी नाही. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले. डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने नावच तिकडून घेतले. या पत्रव्यवहारात, या नावांत डोंगरातला आदिवासी मात्र फारसा कुठे नाही.

दार बंद असणे आणि दारच नसणे

मुंबई इलाख्यात शाळेतील समानतेचा वाद सुरू झाला तो दाराशी. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुंबई सरकारने त्याची बाजू न्याय्य मानली, पण एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील या भीतीने हात आवरता घेतला. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी, जिथे अस्पृश्यांच्या मुलांना इतर शाळांत बसू देत नाहीत आणि त्यांची संख्या पुरेशी आहे, तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढाव्यात असे सुचवले. 1919 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा मुळातच असमान असतात असा निकाल दिला तो 1954 साली, म्हणजे शाहूंच्या हुकमानंतर 35 वर्षांनी.

फुले वेगळी शाळा मागतात, शाहू ती बंद करतात, आणि दोघेही समतेच्याच बाजूचे. हा विरोध नव्हे. दार बंद असताना वेगळी शाळा हा मार्ग होता, दार उघडण्याची सत्ता हातात आल्यावर ती अडसर झाली. पुढच्या साऱ्या वादात हा फरक उपयोगी पडतो.

खानदेशच्या डोंगरात गोष्ट निराळी होती. इथे भिल्ल, कोकणा, मावची किंवा पावरा मुलाला शाळेच्या ओट्यावरून हाकलण्याची वेळच आली नाही, कारण ओटाच नव्हता. इंग्रजांनी 1825 पासून भिल्लांची पलटण उभी केली, बंदोबस्त केला. शाळांचा विचार फार उशिरा झाला. 1936 मध्ये पश्चिम खानदेशातला नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि मेवासी संस्थानिकांची गावे 'अंशतः वगळलेली क्षेत्रे' ठरली. (साक्री त्या यादीत नव्हता. आजच्या अनुसूचित क्षेत्रात तालुक्याचा काही भाग येतो.) 1930 च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीचा अहवाल दिला. त्याच सुमारास बाळासाहेब खेर यांनी आदिवासी सेवा मंडळ काढले. त्याआधी 1922 मध्ये ठक्करबाप्पांनी दाहोदला भील सेवा मंडळ सुरू केले होते. या परंपरेतून निवासी आश्रमशाळेची कल्पना रुजली. 1953-54 पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान मिळू लागले आणि 1972-73 पासून सरकारने स्वतःच्या आश्रमशाळा काढायला सुरुवात केली.

आज राज्यात सुमारे 500 शासकीय आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 31 टक्क्यांहून थोडे अधिक, तर 1998 मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबारमध्ये 69 टक्के. राज्याची साक्षरता 82.3 टक्के होती तेव्हा राज्यातल्या अनुसूचित जमातींची 65.7 टक्के होती. पुढचे सगळे मतभेद या सोळा-सतरा टक्क्यांच्या दरीभोवतीच फिरतात.

वेगळे की एकत्र

आश्रमशाळेच्या बाजूने मुद्दे साधे आहेत आणि ते इथे राहणाऱ्याला पटतात. पाडे विखुरलेले, पावसाळ्यात नाले भरतात, घरी दिवसा कुणी नसते. निवासी शाळेत दोन वेळचे जेवण, गणवेश आणि दहावीपर्यंतची वाट एका जागी मिळते. या भागातले आज पन्नाशीत असलेले आदिवासी शिक्षक, तलाठी, परिचारिका यांच्यापैकी कितीतरी जण आश्रमशाळेतूनच वर आले. आश्रमशाळा नसती तर ढोरे राखत बसलो असतो, हे वाक्य मी एकाहून अधिक जणांच्या तोंडून ऐकले आहे.

विरोधातल्या बाजूचे दोन थर आहेत. पहिला व्यवस्थेचा. राज्यपालांच्या सूचनेवरून नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने 2016 मध्ये दिलेल्या अहवालातून साधारण पंधरा वर्षांत राज्यातल्या आश्रमशाळांत एक हजाराहून अधिक मुलांचे मृत्यू झाल्याचे पुढे आले. सर्पदंश, ताप, उपचाराला झालेला उशीर अशी कारणे त्यात होती आणि कारणच नीट नोंदलेले नाही अशा मृत्यूंची संख्याही मोठी होती. यावर 'सुधारणा करा' असेच सगळे म्हणतात. वाद आहे तो सुधारणा पुरेशी आहे की रचनाच चुकली आहे, यावर.

दुसरा थर खोल आहे. सहा वर्षांचे मूल घरापासून तोडायचे, त्याची भाषा, सण, शेतीची कामे, रानाची ओळख सुटू द्यायची आणि मग ते मुख्य प्रवाहात आले म्हणायचे, हे योग्य आहे का? हा प्रश्न 1940 च्या दशकातच मांडला गेला होता. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये आदिवासींना मागासलेले हिंदू मानत आणि त्यांचे समाजात मिसळणे स्वाभाविक समजत. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांना त्यात आदिवासींच्या जगण्याचा नाश दिसत होता. सरकारी धोरणाने पुढे दोन्ही टोके टाळून 'एकात्मता' हा शब्द घेतला. शाळेच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ काय, हे कोणी नीट उलगडून सांगितले नाही.

इथे अमेरिकेकडे पाहिले तर ब्राउन खटल्यापेक्षा जवळची गोष्ट तिथल्या मूळ रहिवाशांच्या निवासी शाळांची आहे. 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा सुरू झाली. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, आपल्या भाषेत बोलल्यास शिक्षा होई. अमेरिकी सरकारच्या 2024 च्या अहवालात अशा शाळांत किमान 973 मुलांचे मृत्यू नोंदले गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी जाहीर माफी मागितली. आपल्या आश्रमशाळा या वर्गात बसत नाहीत. इथे पालक स्वखुशीने मुले घालतात आणि सुरुवात करणारे लोक सेवाभावी होते. पण घरापासून दूर ठेवणे हेच शिक्षणाचे साधन मानायचे की नाही, हा सवाल दोन्हीकडे एकच आहे.

दरम्यान दोन नव्या वाटा निघाल्या. केंद्राच्या एकलव्य निवासी शाळा 1997-98 पासून आहेत. 2018 मध्ये त्या पन्नास टक्क्यांहून अधिक आणि किमान वीस हजार आदिवासी लोकसंख्या असलेल्या प्रत्येक तालुक्यात काढायचे ठरले. आणि राज्याच्या 'नामांकित' योजनेत आदिवासी मुलांना शहरांतल्या खासगी इंग्रजी निवासी शाळांत सरकारी खर्चाने पाठवले जाते. पहिली वाट वेगळेपणाची, दुसरी मिसळण्याची, आणि दोन्ही सरकारीच! पालकांची रांग मात्र दुसऱ्या वाटेवर लांब असते, हे कोणत्याही बाजूच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये. नामांकित शाळेतून आलेला पाड्यावरचा मुलगा सुटीत आजीशी कोणत्या भाषेत बोलतो, हेही नजरेआड करू नये.

कोणत्या भाषेत

माझ्या मते सगळ्यात जास्त बोलण्यासारखे इथे आहे आणि सगळ्यात कमी बोलले जाते तेही इथेच.

पिंपळनेर परिसरातल्या एका वर्गात कोकणी, मावची, भिल्ली आणि अहिराणी अशा चार बोली सहज असतात. ही कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, कोकणा जमातीची. अहिराणी ही आदिवासींची भाषा नाही, पण बाजारात, एसटीत, शेतावर मजुरीला सगळ्यांना जोडणारी तीच आहे. त्यामुळे डोंगरातले मूल घरी एक, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी भाषा ऐकते. ही तिसरी म्हणजे पुस्तकातली मराठी. आपण तिला त्याची मातृभाषा म्हणतो.

घटनेच्या 350-अ कलमाने 1956 पासून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले आहे. अनुसूचित क्षेत्रे आणि जमातींसाठी नेमलेल्या ढेबर आयोगाने 1961 मध्ये आदिवासी भाषांतल्या पुस्तकांचा आग्रह धरला. शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमात 'शक्य असेल तितपत' मातृभाषा हे माध्यम असावे असे आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच. आंध्राने 2003-04 पासून आणि ओडिशाने 2006-07 पासून आदिवासी भाषांतून पहिलीची पुस्तके काढून वर्ग चालवले. महाराष्ट्रात पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने बोलींतले शब्दसंग्रह आणि वाचनसाहित्य तयार केले. पण वर्गातली रोजची शिकवण्याची भाषा म्हणून बोली राज्यभर कुठे रुळली, असे म्हणता येत नाही.

या प्रश्नावर तीन भूमिका दिसतात.

पहिली म्हणते, पहिली दोन-तीन वर्षे घरची भाषा, मग हळूहळू मराठी. मूल वाचायला शिकते ते त्याला कळणाऱ्या भाषेत. एकदा वाचता आले की दुसरी भाषा चढते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत केलेले काम, ग्राममंगल संस्थेचे डहाणूकडचे प्रयोग, नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेचे वाडा भागातले काम या धारेत येते. आमच्या शेजारी नर्मदेकाठी, धरणाच्या बुडितातल्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने 1991-92 मध्ये चिमलखेडीपासून जीवनशाळा सुरू केल्या. शिक्षक गावातलेच तरुण, बोलणे पावरी-भिल्लीत, परीक्षा मराठीत. तीस वर्षांवर झाली, त्या टिकून आहेत. बोलीत शिकले तर मूल मागे पडते, या समजाला त्यांनी चांगला शह दिला आहे.

दुसरी भूमिका म्हणते, वेळ घालवू नका. नोकरी, कोर्ट, दवाखाना, कर्जाचे कागद मराठीत आणि वर इंग्रजीत आहेत. बोलीतले शिक्षण ही शिकलेल्यांची हौस, स्वतःची मुले ते इंग्रजीत घालतात. ही टीका कडू आहे, पण खोटी नाही. अमेरिकेत लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बाईंनी जवळपास हेच म्हटले. गोऱ्या उदारमतवादी शिक्षकांनी काळ्या मुलांच्या बोलीचे कौतुक करत बसून सत्तेची भाषा शिकवायची राहू दिली, तर नुकसान मुलांचेच होते. फरक एवढाच की डेल्पिटबाई घरच्या भाषेला चूक ठरवायला तितकाच विरोध करतात.

तिसरी भूमिका व्यवहाराची आहे. एका वर्गात चार बोली असताना पुस्तक कोणत्या बोलीत काढायचे? बदली होऊन लातूरहून आलेल्या गुरुजींनी मावची कधी शिकायची? लिपी देवनागरी घेतली तरी प्रमाण रूप कोणी ठरवायचे? गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने बोलींची संख्या आणि श्रीमंती दाखवून दिली, पण त्यामुळे प्रशासनाची धास्ती कमी होण्याऐवजी वाढलीच.

आता तो खटला. मिशिगन राज्यात ऍन आर्बर नावाचे शहर आहे. तिथल्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांच्या नावाच्या शाळेत गरीब वस्तीतल्या काही काळ्या मुलांना मंदगती ठरवले जात होते. त्यांच्या आयांनी कोर्टात धाव घेतली. 1979 मध्ये न्यायाधीश जॉइनर यांनी निकाल दिला. मुलांची घरची बोली हा काही अडथळा नव्हता. शिक्षक ती बोली ओळखत नव्हते, बोलीतल्या उच्चाराला ते वाचनातली चूक समजत होते, आणि अडथळा तिथे तयार होत होता. बोलीत शिकवा असे कोर्टाने म्हटले नाही. शिक्षकांना ती ओळखायला शिकवा, एवढेच म्हटले. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या शाळा मंडळाने याच धर्तीचा ठराव केला तेव्हा देशभर टिंगल झाली, आणि टिंगल करणाऱ्यांत काळे नेतेही होते.

फळ्याला 'फया' वाचणारी मुलगी चुकीचे वाचत नव्हती. तिने अक्षर ओळखले होते, अर्थ तिला कळला होता, ओठांवर घरचा उच्चार आला. 'फळा' ऐवजी तिने 'फडा' वाचले असते तर ती चूक होती. हा फरक ओळखायला भाषाशास्त्र लागत नाही, बोली माहीत असावी लागते. मला ती माहीत होती, तरीही मी गप्प बसलो. बहिणाबाईंच्या कविता आपण पाठ्यपुस्तकात घेतो, जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये त्यांचे नाव देतो, आणि वर्गात मूल तसे बोलले की लाल शाई काढतो.

2025 मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. त्या सगळ्या गदारोळात 'मुलाची मातृभाषा' हा शब्द हजारदा आला आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा अर्थ मराठी असाच होता.

शिकवणार कोण

फुल्यांनी हंटर आयोगापुढे आणखी एक मागणी केली होती. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील. आजच्या भरतीच्या वादाचे बीज तेच.

राज्यपालांच्या 29 ऑगस्ट 2019 च्या अधिसूचनेनुसार अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांसह 17 संवर्गांत स्थानिक आदिवासी उमेदवारांना जागा राखल्या गेल्या. 22 एप्रिल 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या प्रकरणात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकांच्या सर्वच्या सर्व जागा आदिवासींसाठी राखणे घटनाबाह्य ठरवले. शंभर टक्के राखीव म्हणजे इतर सर्वांची संधी शून्य, हा त्यामागचा तर्क. महाराष्ट्रातली भरती या न्यायालयीन गुंत्यात रखडली. नाशिकला उपोषणे झाली, आणि 2024 मध्ये निवड झालेल्यांना मानधनावर नेमण्याचा तोडगा निघाला. पुढच्या वर्षी आश्रमशाळांतली 1,791 पदे बाह्यस्रोतातून भरायचे ठरले तेव्हा वर्षानुवर्षे रोजंदारीवर शिकवणाऱ्यांनी नाशिकच्या आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले.

स्थानिक शिक्षकाच्या बाजूचा मुद्दा आरक्षणापेक्षा मोठा आहे. त्याला बोली येते, पालक त्याच्याशी बोलतात, तो शनिवारी दुपारी धुळ्याची गाडी पकडत नाही, आणि मुलांना त्यांच्यातला माणूस खुर्चीवर दिसतो. अमेरिकेत ब्राउन निकालानंतर शाळा एकत्र झाल्या, पण काळ्यांच्या शाळा बंद पडून 1954 ते 1965 या काळात दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या 17 राज्यांत सुमारे 38,000 काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले एकत्र बसली, पण त्यांना आपल्यातला गुरू दिसेनासा झाला. ती उणीव कशी भरायची, हे तिथे आजही चर्चेत आहे.

विरुद्ध बाजूचेही ऐकायला हवे. जन्माने स्थानिक म्हणून चांगला शिक्षक, हे गृहीत धरता येत नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात एक प्रयोग केला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जाती मनाने टाकून त्या शिक्षकांकडे तपासायला दिल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातीचे नाव असले की गुण थोडे कमी पडत, आणि हा कल अधिक दिसला तो त्याच जातींतल्या शिक्षकांच्या तपासणीत. कमी लेखण्याची सवय ज्याच्यावर लादली जाते त्याच्याही हाडीमासी खिळते, असे यावरून म्हणावे लागेल. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशात मुलांना कोडी सोडवायला दिली. जात न सांगता सगळी सारखी होती. वर्गात जात पुकारली की खालच्या जातीतल्या मुलांची कामगिरी घसरली.

हे वाचल्यापासून मला आपल्या शाळेतला एक रोजचा प्रसंग खटकतो. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की शिक्षक भर वर्गात म्हणतात, "एस.टी.वाली मुले उभी राहा." कोणाच्या मनात काही वाईट नसते. अर्ज भरायचे असतात.

पट, अंतर आणि कोयता

यावर थोडक्यात, कारण इथे मतभेदांपेक्षा टाळाटाळ जास्त आहे. नियमानुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. 2017 च्या अखेरीस राज्याने दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा जवळच्या शाळांत मिळवायचे ठरवले. 2023 मध्ये समूह शाळांची कल्पना आली आणि तिचा एक नमुना म्हणून नंदुरबारमधल्या तोरणमाळचे नाव पुढे आले. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, निर्णयाने सहावी ते आठवीत वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांना नियमित शिक्षक मिळणे कठीण केले. समर्थक म्हणतात, सहा मुलांच्या शाळेत ना खेळ होतो ना चर्चा. विरोधक म्हणतात, डोंगरात दोन किलोमीटर म्हणजे दोन नाले, आणि शाळा दूर गेली की आधी मुलगी घरी बसते. दोघांचेही बरोबर आहे. म्हणून निर्णय पाड्यागणिक व्हायला हवा. तो मंत्रालयातून आकड्यावर होतो.

त्यातच कोयता. दिवाळी झाली की साक्री, नवापूरकडची कुटुंबे बारडोली, सुरतेकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकापासून खानदेशातल्या या तोडकऱ्यांवर लिहिले आहे. मुलांना गावात ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी कागदावर. राज्य बदलले की मूल कोणत्या पटावर, हा प्रश्न दोन्ही राज्ये एकमेकांकडे ढकलतात.

काय सुटलेले नाही

अमेरिकेत 1966 मध्ये कोलमन अहवाल निघाला. सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून त्याने सांगितले की मुलांच्या यशातला फरक इमारती आणि पुस्तकांपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. त्यावर सहा दशके वाद चालू आहे, पण वाद घालायला हातात आकडे तरी आहेत. वेगळी शाळा की एकत्र, हा आपला वाद अजून अनुभवावर आणि विश्वासावर चालतो. आश्रमशाळेतले मूल, पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतले मूल, नामांकितमधले मूल आणि एकलव्यमधले मूल यांची दहा-पंधरा वर्षांची वाटचाल शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज तो सुटणार नाही. शिक्षकांच्या बाबतीत न्यायालयाने शंभर टक्क्यांना नकार दिला, बोली येणाऱ्याला प्राधान्य देण्याला नाही. ती वाट कोणी चाचपून पाहिलेली नाही. भाषेच्या बाबतीत मात्र पुरावा एका बाजूला झुकलेला आहे असे मला वाटते. पहिली दोन वर्षे घरची भाषा वर्गात असावी. निदान ती चूक ठरू नये, आणि त्याला नवे पुस्तकही लागत नाही.

हे करायचे तर आधी वर्गात कोणती मुले घरी काय बोलतात, हे माहीत हवे. तशी सोय आहे. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या ऑनलाइन नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे मातृभाषेचा रकाना असतो. आंतरवासितेच्या शेवटच्या आठवड्यात माहिती भरायच्या गडबडीत आम्हा छात्राध्यापकांना मदतीला बसवले होते. त्या वर्गातल्या सगळ्या मुलांपुढे त्या रकान्यात 'मराठी' आहे. त्यांपैकी चौदा नोंदी मी स्वतः भरल्या. 'फया' म्हणणारी मुलगी त्या चौदांत होती.